चाल कोण सांगणार

अंडी कशी हवीत, एवढंच वेट्रेसने विचारलं होतं. वॉल्टर ब्रनिकीने उत्तर दिलं आणि समोर बसलेली त्याची बायको, रोझॅन, एकदम हसायला लागली. अंड्यांत हसण्यासारखं काय आहे ते त्याला कळेना. मग लक्षात आलं, की प्लास्टिकने मढवलेलं मेन्यूकार्ड आपण नाकापर्यंत वर धरलं आहे आणि त्याच्या आडून बोलतो आहोत.

"कोण वाचतंय तुझे ओठ, वॉल्ट?" रोझॅन म्हणाली. "तो कोपऱ्यातला म्हातारा? की ही शर्ली? शर्ली, खरं सांग, तू हार्लन कॉलेजची हेर आहेस का गं?"

"कसली हेर! मला तर काही ऐकूच आलं नाही," शर्ली म्हणाली. "उलटून भाजलेली म्हणालात ना, कोच?"

"हो," वॉल्टर म्हणाला आणि कार्ड टेबलावर पालथं ठेवलं. कान तापले होते. शर्ली गेली. रोझॅनने रुमालाने डोळे पुसले. हसून हसून आलेलं पाणी होतं ते, पण सगळंच हसण्याचं नसावं. अर्ध्या तासापूर्वी दोघं हॉस्पिटलच्या काचेच्या दारातून बाहेर पडली होती. डॉक्टर म्हणाली होती, काही दिसत नाही, सगळं स्वच्छ आहे, आता वर्षाने या. पार्किंगमध्ये सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याने रोझॅनचे नवे, आखूड, पूर्वीपेक्षा कुरळे केस उडत होते, आणि वॉल्टर त्या केसांकडे बघत किल्ली चुकीच्या बाजूने लावत होता. आपल्याला फार आनंद झालेला असणार असं त्याला वाटत होतं. मोठा आनंद झाला की माणसाला आधी नुसतं सुन्न वाटतं, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून तो आनंदाची वाट बघत होता. आणि आता हे कार्ड.

"डॉक्टर सांगत होती तेव्हाही तुझा हात तोंडावर होता," रोझॅन म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती.

सेंट कॅजेटन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा तो मुख्य कोच होता, आणि प्रत्येक शनिवारी मैदानाच्या कडेला उभं राहून प्रत्येक चाल तोच सांगायचा. चेंडू कुणाकडे जाणार, कोण कुणाला अडवणार, कोण खोटंच धावून फसवणार, सगळं एका सांकेतिक वाक्यात. एक चाल संपली की माणसं एकमेकांवरून उठतात, धुळीतून, चिखलातून, आणि तेवढ्या वेळात पुढची ठरवावी लागते. समोरच्या संघाची माणसं दुर्बिणी लावून ओठ वाचतात, म्हणून हातातला चालींचा तक्ता तोंडासमोर धरायचा. एरी शहरात त्याला ओळखणारा प्रत्येक माणूस त्याला असाच ओळखत होता. वर टोपी, खाली तक्ता, मध्ये डोळे. बहुतेक कॉलेजांत मुख्य कोच हे काम केव्हाच दुसऱ्याला देऊन मोकळे झाले होते. त्यांच्याकडे चाली सांगायला वेगळा माणूस असे, आणि ते स्वतः संघ सांभाळत, मुलं सांभाळत, देणगीदारांशी हात मिळवत. तसा वेगळा माणूस वॉल्टरकडेही होता. डेसमंड ओडम. एकेकाळी वॉल्टरच्याच हाताखाली खेळलेला, त्याला मिळालेला सर्वांत हुशार क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानात चेंडू हाती घेऊन चाल चालवणारा खेळाडू. वॉल्टरने त्याला दक्षिणेतून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. 'एक हंगाम माझ्याबरोबर काढ, मग चाली तुझ्या,' हे शब्दही वॉल्टरचेच. तो हंगाम गेला. त्यानंतर आणखी एक गेला. आता तिसरा अर्ध्यावर आला होता, आणि डेसमंड अजून वरच्या काचेच्या खोलीत बसून हेडसेटमधून सुचवत होता, आणि वॉल्टर खाली उभा राहून ते ऐकत होता, किंवा ऐकत नव्हता.

हे काम त्याला अजून का दिलं नाही, याची उत्तरं वॉल्टरकडे तयार असत. क्वार्टरबॅक नवा आहे. मधल्या फळीत दोघं जायबंदी आहेत. हा हंगाम जाऊ दे. ती सगळी उत्तरं खरी होती. पण रोझॅनच्या तोंडून ते हाताबद्दलचं वाक्य निघाल्यापासून त्याच्या मनात दुसरंच काही येत होतं, आणि ते त्याला बघायचं नव्हतं. तो अंडी खात राहिला. तरुणपणी तो स्वतः क्वार्टरबॅक होता, पण तिसऱ्या क्रमांकाचा. पहिला पडला तर दुसरा, दुसराही पडला तर वॉल्टर, आणि चार वर्षांत दोघंही एकदम कधी पडले नाहीत. तो कडेला उभा राहून हातांनी खुणा करायचा, कोचची चाल मैदानात पोचवायचा. सामना संपला की सगळ्यांचे कपडे चिखलाने माखलेले असत आणि त्याचा गणवेश घडी घालून ठेवल्यासारखा. आई तरी तो दर रविवारी धुवायची. इतर आयांसारखीच मागच्या अंगणात दोरीवर वाळत घालायची, आणि त्याच्याकडे न बघता म्हणायची, "घामाने तर भिजतोच ना." त्याला घामही आलेला नसे. पुढे तो कोच झाला आणि पहिल्यांदा त्याने स्वतः चाल सांगितली तेव्हा अकरा मुलं त्याच्या एका वाक्यावर हलली, जणू त्याच्याच अंगाला अकरा जोड्या हातपाय फुटले होते. त्या दिवशी त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. घरी गेल्यावर त्याने तो आईकडे नेऊन दिला नाही, पण द्यावासा वाटला होता.

पण एवढंच असतं तर ते केव्हाच सुटलं असतं. माणूस साठीला आला की तरुणपणीच्या अपमानांनाही सुरकुत्या पडतात. खरी गोष्ट गेल्या शरद ऋतूतली होती, डेसमंडच्या दुसऱ्या हंगामातली. रोझॅनला गाठ निघाली होती. मंगळवारी औषध शिरेतून सोडायचे, बुधवारी ती बाथरूमच्या फरशीवर गाल टेकून पडायची, फरशी गार लागते म्हणून. गुरुवारी थोडं सूप. शुक्रवारी वॉल्टर तिला तिच्या बहिणीकडे सोपवून संघाबरोबर जायचा, आणि शनिवारी दुपारी हेडसेट कानांवर चढवायचा. तो चढवला की कानांवर मऊ दाब येई आणि जग बंद होई. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, तर समोर किती यार्ड, हा कितवा प्रयत्न, वारा कुठून, त्यांचा बचाव कुठे पातळ. एका चालीत आणि दुसरीत एवढी फट नसे की तिच्यातून दुसरं काही आत येईल. भीती बाहेर उभी राही, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नातेवाईक उभे असतात तशी, आणि तो सामना संपेपर्यंत तिला आत घेत नसे. डेसमंडला चाली द्यायचं ठरलं होतं ते त्याच हंगामात. पण त्या दिल्या असत्या, तर शनिवारी दुपारी वॉल्टरने नुसतं उभं राहून करायचं काय होतं?

"गेल्या वर्षी तू शनिवारी घरी नसायचास ते मला बरं वाटायचं," रोझॅन म्हणाली. तो काय विचार करतो आहे ते तिला कळत असे, ही त्याची जुनी अडचण होती. "इतर दिवशी तू माझ्याकडे असा बघायचास, जणू मी तिसरा प्रयत्न आहे आणि अजून खूप यार्ड बाकी आहेत. मला दमायला व्हायचं."

"मी काळजी करत होतो."

"माहितीये. मी कुठे म्हणते नव्हतास?" तिने त्याच्या ताटातला बटाटा उचलून तोंडात टाकला. गेलं वर्षभर तिने कुणाच्या ताटातलं काही उचललं नव्हतं. "मी बरी झाले, वॉल्ट. तू कधी होणार?"

तो हसला, निदान तसा चेहरा केला.

त्याच दिवशी दुपारी डेसमंड त्याच्या खोलीत आला. दार लावून घेतलं. डेसमंड दार लावणारा माणूस नव्हता. "कोच, मला बोलावणं आलंय," तो म्हणाला. मिशिगनमधलं एक कॉलेज होतं. चाली पूर्णपणे त्याच्या हातात. "रविवारी उत्तर द्यायचंय."

"हंगामाच्या मध्ये?"

"हंगाम संपल्यावर जायचंय. उत्तर आत्ता हवंय." तो उभाच होता. "मी तुमच्यावर दबाव आणायला आलो नाहीये. पण एकदा विचारतो. तुम्ही कधी देणार? तारीख सांगा, मी थांबतो. नुसतं 'पुढच्या वर्षी' म्हणू नका. माझी बायको आता घरात तुमची नक्कल करते. मुलगी म्हणते, बाबा, सायकल कधी? तर ही म्हणते, 'एक हंगाम काढ, मग सायकल तुझी.'"

वॉल्टरला हसू आलं आणि लाजही वाटली. तोंड उघडलं तेव्हा 'आज' म्हणावं असं त्याला खरोखर वाटलं होतं. तो शब्द जिभेपर्यंत आला. पण अंधारात जिन्याची एक पायरी नसावी तसं झालं, आणि तो म्हणाला, "शनिवार होऊ दे." डेसमंडने मान हलवली. फार सभ्यपणे हलवली. आत्तापर्यंत तो निदान चिडायचा. या वेळी चिडला नाही, आणि त्यावरून वॉल्टरला कळलं की हा मनाने निघून गेला आहे.

शनिवारी हार्लनविरुद्ध सामना. सरोवरावरून वारा आडवा येत होता, आकाश शिशाच्या रंगाचं. वॉल्टरने हेडसेट चढवला आणि कानांवर तो मऊ दाब येण्याची वाट बघितली. दाब आला. जग मात्र बंद झालं नाही. तो तक्त्याकडे बघत होता आणि बॅण्डमधल्या एका ढोलाचा ठोका जरा मागे पडतो आहे हे त्याला ऐकू येत होतं. त्याने चाल सांगितली. यार्ड दोन. दुसरी सांगितली. मग तिसरी. त्या चुकीच्या नव्हत्या. कागदावर कुणीही त्यांना नावं ठेवली नसती. पण त्या सांगताना पूर्वी आत जे घट्ट मिटून जायचं, ते आता उघडंच राहत होतं. खिडकी बंद करायला जावं आणि कडी लागूच नये, तसं. आणि उघड्या खिडकीतून भीती येईल म्हणून तो अंग चोरून उभा होता. भीती येत नव्हती. बाहेर कुणीच नव्हतं. हे त्याच्या ध्यानात यायला पहिल्या भागाचा जवळजवळ सगळा वेळ गेला. ज्याला बाहेर ठेवण्यासाठी तो इतका काळ दार धरून उभा होता, ते केव्हाच निघून गेलं होतं, या बुधवारी डॉक्टरने तसं सांगितलंसुद्धा होतं, आणि हा आपला अजून दाराला पाठ लावून उभा. भीती गेली होती, मूठ उघडायची राहिली होती.

"कोच, डावीकडे द्या," कानात डेसमंड म्हणाला. "तिकडच्या कोपऱ्यातला त्यांचा पोरगा पुढे सरकतोय. बघताय ना?"

वॉल्टर बघत नव्हता. सवयीने त्याने उजवीकडची चाल सांगितली. क्वार्टरबॅक कीगनने चेंडू फेकला आणि हार्लनच्या एका उंच पोराने तो मध्येच हिसकावून पार शेवटच्या रेषेपर्यंत पळवला. मध्यंतराला सेंट कॅजेटन दहा गुणांनी मागे होतं. कीगन बाहेर येऊन त्याच्यासमोर थांबला. शिव्या खायची तयारी करून आलेला चेहरा. "माझी चूक, कोच."

"तुझी नव्हती," वॉल्टर म्हणाला, आणि ऐकणाऱ्या मुलापेक्षा त्यालाच जास्त नवल वाटलं.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर, ओल्या विटांच्या बोळात, त्याने डेसमंडला गाठलं. तक्ता पुढे केला. "घे."

डेसमंडने हात पुढे केला नाही. "मी जाऊ नये म्हणून करताय का?"

"नाही. तुला जायचं तर जा. मी काही विचारणार नाही."

"मग दहा गुणांनी मागे आहोत म्हणून? हरलो तर माझ्या नावावर?"

हा प्रश्न वाजवी होता. वॉल्टरला दोन दिवसांपूर्वी तो लागला असता. "हरलो तर पेपरवाल्यांना मी सांगेन, पहिला भाग माझा होता," तो म्हणाला. "डेस, मला तो कोपरा दिसला नाही. तू सांगितल्यावरही बघावंसं वाटलं नाही. मी तिथे चाली सांगत नव्हतो. मी तिथे लपलो होतो." पुढे आणखी सांगायचं होतं, गार फरशीचं, मंगळवारांचं, पण डेसमंडने त्याच्याकडे असं बघितलं की ते सगळं त्याला आधीपासूनच ठाऊक असावं. बहुधा होतंच. त्या हंगामात दर शनिवारी संध्याकाळी त्याने न विचारता वॉल्टरच्या घरी जेवण पोचवलं होतं.

"हेडसेट काढू नका," डेसमंड तक्ता घेत म्हणाला. "मधूनमधून बोलत जा. फक्त चाल सांगू नका."

"आणि चुकून सांगितलीच तर?"

"तर मला ऐकू आलं नाही."

दुसऱ्या भागात वॉल्टरला हातांचं काय करायचं ते समजेना. त्याने ते खिशात घातले, काढले, पाठीमागे बांधले. पहिल्या काही चाली त्याने मनात सांगितल्या. डेसमंडची वेगळी निघाली की हात आपोआप तक्ता शोधायचा. मग एक निघाली ती त्याच्या मनातलीच होती, आणि ती फसली, आणि त्याला हसायला आलं. मागे बाकावर कुणीतरी खोकलं. तो वळला. ब्रॉडी नावाचा अगडबंब पोरगा, अडवणाऱ्या फळीतला, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. वॉल्टर त्याच्याकडे गेला. ब्रॉडी घाईने उठायला लागला. "काही चुकलं का, कोच?"

"नाही. का?"

"नाही, तुम्ही कधी इथे येत नाही म्हणून म्हटलं."

"बसू का?"

"बसा ना. पण ती बाजू ओली आहे."

तो ओल्या बाजूलाच बसला. थंडी विजारीतून आत आली. बाकावरून मैदान अगदी वेगळं दिसत होतं. बुटक्या, रुंद पाठींची एक भिंत, तिच्या वर वाफ. पोरं बोलत होती, शिव्या देत होती, एकाने सरोवराकडून आलेल्या सीगल पक्ष्यांपैकी एकाला पलीकडच्या कोचचं नाव ठेवलं होतं. आपला संघ इतका बडबड्या आहे हे वॉल्टरला माहीतच नव्हतं. ब्रॉडी त्याला आपल्या गुडघ्याचं सांगत होता, मग आईचं, तिने दुसरं लग्न केलं ते, आणि नवा बाप तसा बरा आहे पण जेवताना फार मोठ्याने चावतो ते. वॉल्टर ऐकत होता. मध्येच जल्लोष उठला. चेंडू शेवटच्या रेषेपार गेला होता, टचडाउन झालं होतं, आपलं, आणि वॉल्टरचं ते बघायचं राहून गेलं होतं.

"डावीकडूनच गेला ना?" त्याने हेडसेटमध्ये विचारलं.

"डावीकडूनच," डेसमंड म्हणाला. आवाजात हसू लपत नव्हतं. "तुम्ही कुठे होता?"

"बाकावर."

शेवटी शेवटी सेंट कॅजेटन तीन गुणांनी मागे होतं आणि चेंडू हार्लनच्या रेषेच्या अगदी जवळ. चौथा प्रयत्न, म्हणजे शेवटचा. लाथ मारून चेंडू खांबांमधून घालवला तर बरोबरी. खेळून पुढे गेलं तर विजय, अडकलं तर घरी. हा निर्णय मुख्य कोचचाच असतो, आणि डेसमंडने तो बरोबर त्याच्याकडे दिला. "लाथ की खेळायचं, कोच?"

वाऱ्याने कडेचा झेंडा ताठ आडवा झाला होता. वॉल्टर मैदानाकडे बघत होता. मुलं त्याच्याकडे बघत होती. "खेळू," तो म्हणाला.

"मग कुठली?" डेसमंडच्या तोंडून निघून गेलं. खरोखरच विचारत होता तो. वरच्या त्या खोलीतला त्याचा श्वास ऐकू येत होता.

वॉल्टरच्या मनात एक चाल तयार होती. चांगली होती. तो ती जिभेवर धरून क्षणभर उभा राहिला, आणि मग गिळून टाकली. "ते मला नको विचारूस," तो म्हणाला. "मला इथून नीट बघू दे."

खुणा मैदानात गेल्या. वॉल्टरला त्या वाचता येत होत्या, त्याच्याच होत्या त्या, पण त्याने मुद्दाम मान वळवली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा चेंडू हलण्याआधी त्याला माहीत नव्हतं की पुढे काय होणार आहे. लहानपणी सर्कशीत दिवे विझायचे तेव्हा जसं वाटायचं तसं वाटलं. कीगनने चेंडू घेतला, उजवीकडे पळाला, सगळं हार्लन त्याच्यामागे गेलं. मग त्याने तो उलट्या हाताने मागे दिला, सगळे तिकडे वळले, आणि तो घेणारा पोरगा पळालाच नाही. थांबला आणि फेकला. कुणाकडे? वॉल्टरला दिसेना. चेंडू वाऱ्यात डगमगत गेला. आणि रेषेच्या पलीकडे, अगदी मोकळा, विसरून गेल्यासारखा एकटा उभा होता तो कीगन. त्याने छातीशी दोन्ही हातांनी चेंडू धरला, जणू कुणी त्याला बाळ आणून दिलं होतं. वॉल्टर ओरडला. काय ओरडला ते त्याला नंतर कधीही आठवलं नाही. ब्रॉडीने त्याला बर्फाच्या पिशवीसकट मिठी मारली आणि त्याच्या मानेतून गार पाणी पाठीवर उतरलं.

हार्लनचा कोच मैदानाच्या मध्यावर हात मिळवायला आला. "शेवटची चाल भारी, ब्रनिकी. तुमच्याकडून असलं काही येईल असं वाटलं नव्हतं."

"माझी नव्हती ती," वॉल्टर म्हणाला. "त्याची," आणि वरच्या काचेकडे बोट केलं. तिथे आता कुणी नव्हतं.

डेसमंड जिन्यावरून धावत खाली आला होता. मुलांच्या गर्दीतून वाट काढत तो वॉल्टरसमोर उभा राहिला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला होता आणि त्याला धाप लागली होती. पोरं त्याच्या डोक्यावर थापट्या मारत होती. मिशिगनबद्दल तो काही बोलला नाही, आणि वॉल्टरनेही विचारलं नाही. रविवार उद्या होता. त्याला जे वाटेल ते तो करील, असं वॉल्टरच्या मनात आलं, आणि ते येताना कुठेच काही टोचलं नाही.

"कोच, एक सांगू?" गर्दी जरा पांगल्यावर डेसमंड हलक्या आवाजात म्हणाला. "ती शेवटची सांगताना माझे हात इतके थरथरत होते की तक्ता खालीच पडला. पाठ होती म्हणून वाचलो."

"माझेही थरथरायचे," वॉल्टर म्हणाला. हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, रोझॅनलाही नाही. "दर शनिवारी. पहिल्या दिवसापासून."

डेसमंडने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं, जणू तो त्याला आत्ताच भेटत होता. "मग थांबतात कधी?"

वॉल्टरने दोन्ही हात समोर धरले. संध्याकाळच्या उजेडात ते म्हाताऱ्या माणसाचे दिसत होते. लाल, गारठलेले, एका बोटाला बाकावरची गंजकी घाण लागलेली. पण ते हलत नव्हते.

"आज," तो म्हणाला.